शाळेचें वर्ष लांबवावें काय ?



शाळेंत मागें पडलेल्या मुलांचा प्रश्न निघाला कीं, जो उपाय प्रथम कोणाच्याहि तोंडीं येतो तो म्हणजे शाळेचे दिवस वाढवावे हा होय. उपाय दिसावयास सोपा आहे. ज्याचें दोन भाकरींनीं पोट भरत नाहीं त्यास तिसरी वाढावी, इतका तो सरळ आहे. परंतु मूल भुकेलें आहे कीं त्यास अपचन झालें आहे, याचा निर्णय केल्यावांचून भाकरी वाढण्यांत शहाणपण नाहीं. या उपायाचा, व त्याच्याच शेजारीं उभ्या असलेल्या दुसऱ्या कांहीं उपायांचा, हिशेब आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे. मी आर्णीचा राहणारा. नोकरीचीं सारीं वर्षें प्राथमिक शाळेंत गेलीं. तेव्हां दाखले आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतले अधिक येतील, त्याबद्दल पुण्या-मुंबईकडील श्रोत्यांनीं राग मानूं नये.

हा प्रश्न केवळ वादसभेंतला राहिलेला नाहीं. करोनाच्या सांथीमुळें मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या आणि मुलांच्या हातची पाटी सुटली. ती पुन्हां हातीं यावी म्हणून १ जुलै २०२१ पासून आपल्या राज्यांत ४५ दिवसांचा सेतु अभ्यासक्रम झाला. पुढें मार्च २०२२ मध्यें शिक्षण खात्यानें आज्ञा काढली कीं, पहिली ते नववी व अकरावीचे वर्ग एप्रिलअखेरपर्यंत पूर्ण वेळ भरवावे. त्यानंतर २०२५ सालीं सबंध राज्यास एकच वेळापत्रक लावून पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल या दिवसांत घेण्याचें ठरलें. परीक्षा एप्रिलच्या आरंभींच उरकून शाळा पुढें नांवापुरत्या भरतात, ते दिवस शिकविण्याकडे लागावे, हा त्यामागचा हेतु. हेतूंत दोष काढण्यासारखें कांहीं नाहीं. तथापि विदर्भांतून या वेळापत्रकास हरकत घेण्यांत आली, आणि ती केवळ शिक्षकांच्या आळसांतून आली असें ज्यांस वाटलें त्यांनीं एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यांत दुपारीं बारा वाजतां पत्र्याच्या छपराखालील एखाद्या वर्गांत अर्धा तास बसून पाहावें.

‘किती दिवस शाळा’ हा वाद आपल्याकडे जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास, म्हणजे आमच्या अगदीं शेजारींच, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली. तिच्यामागून डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें जी योजना आंखली तींत शाळा वर्षांतून २८८ दिवस व दररोज साडेपांच तास चालावी असें होतें. हा आंकडा ऐकून आजच्या शिक्षकास घाम फुटेल. परंतु त्या साडेपांच तासांपैकीं तीन तास वीस मिनिटें हस्तोद्योगाचीं होतीं. मातृभाषेच्या वांट्यास चाळीस मिनिटें आलीं होतीं. म्हणजे तेथें जे दिवस वाढले होते ते टकळीचे, बागेचे व सुताराच्या कामाचे होते, पुस्तकावर मान मोडून बसण्याचे नव्हते. पुढें १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें शाळांस ३९ आठवडे, म्हणजे २३४ दिवस, सुचविले आणि सणावारांच्या सुट्या दहाच्या वर नसाव्या असेंहि म्हटलें. २००९ सालीं झालेला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेला शिक्षण हक्काचा कायदा यांहून खालीं उतरला. त्यानें पहिली ते पांचवीस कमींत कमी २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीस २२० दिवस व १००० तास ठरविले. २८८, मग २३४, मग २०० अशी ही उतरंड पाहून कोणी म्हणेल कीं, मुलें कच्चीं राहतात यांत नवल तें काय !

येथेंच थोडें अंकगणित केलें पाहिजे. ८०० तासांस २०० दिवसांनीं भागलें म्हणजे दिवसाचे चार तास येतात. आतां समजा, सरकारनें वर्षांत २० दिवस वाढविले. म्हणजे ८० तास वाढले. वर्ग तीस मुलांचा असेल तर मागें पडलेल्या एका मुलाच्या वांट्यास गुरुजींचें स्वतंत्र लक्ष म्हणून पावणेतीन तासहि येत नाहींत. हेच ८० तास दुसऱ्या रीतीनें खर्च करून पाहूं. वर्गांत खरोखर अडलेलीं सहा मुलें आहेत. शाळेच्या चालू वेळांतच रोज अर्धा तास, १६० दिवस, शिक्षक या सहांजणांपाशीं बसले. तास तेवढेच, ऐंशी. पण एकेकाच्या वांट्यास तेरा तासांच्या वर येतात. आणि शाळेचा एक दिवसहि वाढलेला नसतो. त्या अर्ध्या तासांत उरलेल्या चोवीस मुलांनीं काय करावें, हा प्रश्न तुमच्या मनांत आला असेल. त्याच्याकडे पुढें येईन.

परंतु मिनिटांच्या हिशेबापेक्षां मोठी गोष्ट ही कीं, तीं मिनिटें कशास लावावयाचीं. ५२ मधून २७ वजा करा असें सांगितलें असतां एखादा मुलगा ३५ लिहितो. तो दोनांतून सात जात नाहींत हें पाहतो, आणि मग साताँतून दोन काढून मोकळा होतो. त्यास वजाबाकी येत नाहीं असें नव्हे. दशक मोडून एकक करावयाचे असतात ही एक गोष्ट त्याच्या ध्यानांत आलेली नाहीं. हा मुलगा चौथींत आहे म्हणून त्यास भागाकार चालू आहे. आतां वर्ष लांबवून भागाकाराचे आणखी वीस दिवस त्याच्यापुढें घातले, तर भागाकाराच्या प्रत्येक पायरीस त्याची तीच वजाबाकी त्यास आडवी येणार. दहा दहा काड्यांच्या जुड्या सोडून व बांधून दाखविल्या, तर हें काम थोड्या दिवसांत होतें. मात्र तो मुलगा कोठें अडला आहे हें पाहणारा माणूस पाहिजे, आणि तेवढे दिवस भागाकार बाजूस ठेवण्याची त्यास मोकळीक पाहिजे.

अशीं मुलें थोडीं नाहींत. ‘असर’ या नांवानें ग्रामीण भारतांतील मुलांची जी पाहणी २००५ पासून होत आली आहे तिच्या आधारें सांगतों. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीच्या पुस्तकांतला मजकूर वाचूं शकणारीं मुलें २०१८ मध्यें शेंकडा २०.९ होतीं. सांथीनंतर २०२२ मध्यें तीं १६.३ झालीं आणि २०२४ मध्यें वर येऊन २३.४ झालीं. पांचवींत हाच दुसरीचा मजकूर वाचणारीं २०२४ मध्यें शेंकडा ४४.८ निघालीं. यावरून दोन गोष्टी दिसतात. सांथींत बुडालेलें बरेंचसें भरून निघालें, ही आनंदाची. पण सांथीच्या आधींहि, शाळा पुऱ्या दिवस भरत असतां, तिसरींतील पांचांपैकीं चार मुलें मागेंच होतीं, ही दुसरी. तेव्हां दिवस कमी पडले हें एकच कारण धरून चालणार नाहीं.

आतां दुसऱ्या उपायांचा अनुभव काय आहे तो पाहूं. मुंबई व बडोदें येथील शाळांत २००१ ते २००३ च्या सुमारास ‘प्रथम’ या संस्थेनें ‘बालसखी’ नांवाचा उपक्रम चालविला. वस्तींतलीच एखादी शिकलेली मुलगी, तिला थोड्या दिवसांचें शिक्षण द्यावयाचें, आणि तिसरी-चौथींतील मागें पडलेलीं पंधरा-वीस मुलें शाळेच्याच वेळांत रोज दोन तास तिच्याकडे सोंपवावयाचीं, एवढीच योजना. पुढें २०१९ मध्यें अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार ज्यांस मिळाला त्या अभिजित बॅनर्जी व एस्तेर डुफ्लो यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह तिची कसोशीनें तपासणी केली. जेथें बालसखी होती तेथील मुलांचे गुण स्पष्टपणें वाढले, व सर्वांत कच्च्या मुलांस अधिक फायदा झाला. खर्च किती ? त्या मुलीचें महिन्याचें मानधन पांचशें ते साडेसातशें रुपये. नियमित शिक्षकाच्या पगाराशीं त्याची तुलना करणें शिष्टपणाचें होणार नाहीं, म्हणून तें सोडून देतों.

याहून बोधप्रद प्रयोग बिहारांतला आहे. २००८ च्या उन्हाळ्यांत तेथें सरकारी शिक्षकांनींच महिनाभराचें शिबिर घेतलें. मुलें तिसरी ते पांचवीचीं, पण वाचतां न येणारीं. त्यांस इयत्तेप्रमाणें न बसवितां येत असलेल्या वाचनाप्रमाणें बसविलें, आणि अभ्यासक्रम गुंडाळून ठेवून केवळ वाचन व अंक घेतले. मुलें पुढें सरकलीं. आतां पाहा, हें सुटींतलें शिबिर म्हणजे एका अर्थीं लांबविलेलें वर्षच झालें, तेव्हां वर्ष लांबवा म्हणणाऱ्यांस हा दाखला अनुकूल वाटेल. परंतु त्याच राज्यांत शिक्षकांस तेंच साहित्य व तेंच शिक्षण देऊन नेहमींच्या शाळेच्या दिवसांत सोडलें, तेव्हां कांहींच फरक पडला नाहीं. कारण शाळा सुरू झाली कीं शिक्षकाच्या मानेवर अभ्यासक्रम बसतो. पुस्तक संपविलें पाहिजे, मूल मागें राहिलें तरी चालेल. यावरून मी तरी असा निष्कर्ष काढतों कीं, गुण त्या जादा महिन्याचा नव्हता, अभ्यासक्रमांतून मिळालेल्या सुटकेचा होता. उत्तर प्रदेशांत २०१३-१४ मध्यें सरकारी शाळांतच, शाळेच्याच दिवसांत, दहा-दहा किंवा वीस-वीस दिवसांचीं शिबिरें घेतलीं व त्यांस उन्हाळी शिबिराची जोड दिली. सारे मिळून पन्नासएक दिवस. अखेरीस परिच्छेद किंवा गोष्ट वाचूं शकणारीं मुलें तेथें सुमारें निम्मीं झालीं, आणि जेथें शिबिरें नव्हतीं तेथें तीं सुमारें चौथा हिस्साच होतीं.

वेळेला कांहींच किंमत नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. पश्चिम जर्मनींत शाळेचा वर्षारंभ वसंत ऋतूंतून शरदांत नेण्यासाठीं बहुतेक प्रांतांत १९६६-६७ मध्यें दोन शालेय वर्षें प्रत्येकीं २४ आठवड्यांचीं केलीं होतीं. त्या मुलांच्या पुढील कमाईवर त्याचा परिणाम दिसला नाहीं. परंतु प्राथमिक शाळेंत त्याच वर्गांत पुन्हां बसावें लागणारीं मुलें वाढलीं. दिवस तुटले कीं आधीं दुबळें मूल अडखळतें, असा त्याचा अर्थ मी घेतों.

आणि आमच्याकडे दिवस तुटतात ते एप्रिलांत नव्हे, मधल्या हंगामांत. दसऱ्या-दिवाळीपासून पुढें कापसाची वेंचणी सुरू होते. आर्णी, दिग्रस, महागांव या भागांतील रानांत पहाटेपासून सारें घर राबतें. मोठी मुलगी धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठीं घरीं राहते. तांड्यांवरील कित्येक कुटुंबें ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर निघून जातात तीं उन्हाळ्याच्या तोंडाशींच परततात. हंगामी वसतिगृहांची सोय आहे, तिचा लाभ जेथें मिळतो तेथें मूल गांवीं राहतें. नाहीं तर आईबापांबरोबर जातें. अशा मुलास एप्रिलचे पंधरा दिवस अधिक दिले म्हणजे काय दिलें ? नोव्हेंबर ते मार्च जें शिकविलें तें त्यानें ऐकलेलेंच नाहीं, आणि एप्रिलांत त्यापुढचें चालू असतें. हजेरीपटावर दिवस वाढतात ते जो मुलगा रोज येतच असतो त्याचे.

भाषेची अडचण याहून नाजूक आहे. बंजारा मुलाची घरची बोली गोरबोली. कोलामाच्या घरीं कोलामी, गोंडाच्या घरीं गोंडी. यांपैकीं शेवटच्या दोन तर द्राविडी कुळांतल्या, मराठीशीं त्यांचा रक्ताचा संबंध नाहीं. पहिलींत आलेलें हें मूल गुरुजींचें बोलणें केवळ ओठांची हालचाल म्हणून पाहत बसतें, आणि आम्ही त्यास मंद म्हणतों. न कळणाऱ्या भाषेंतले २०० दिवस २२० केल्यानें तें मूल शहाणें होत नाहीं. तेथें उपाय म्हणजे पहिलीं दोन वर्षें त्याची बोली जाणणारी एखादी ताई वर्गांत असणें. ती पगारी शिक्षिकाच असली पाहिजे असें नाहीं.

उन्हाविषयीं फार बोलत नाहीं. विदर्भांतील श्रोत्यांस तें सांगावयास नको. मार्चपासून शाळा सकाळच्या होतात. मे महिन्यांत पारा ४३-४५ अंशांवर जातो. म्हणूनच राज्यांतील इतर शाळांच्या मागून आमच्या शाळा उघडतात ; २०२५ सालीं इतरत्र १६ जून व विदर्भांत २३ जून ही तारीख होती. पण याच संबंधांत एक बारीक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत आलेली दिसत नाहीं. शिक्षण हक्काच्या कायद्यांत २०१९ मध्यें दुरुस्ती झाली आणि पांचवी व आठवीस परीक्षा घेण्याची मुभा राज्यांस मिळाली. आपल्या राज्यानें २०२३ मध्यें ती स्वीकारली. नापास झालेल्या मुलास जादा शिकवून, निकालापासून दोन महिन्यांच्या आंत त्याची पुन्हां परीक्षा घ्यावयाची, असा नियम आहे. निकाल आपल्याकडे महाराष्ट्रदिनीं, १ मे रोजीं, लावण्याचा प्रघात आहे. म्हणजे ते दोन महिने कोणते ? मे आणि जून. विदर्भांतील शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यांत उघडणार. मग हें जादा शिकविणें व्हावयाचें केव्हां ? अगदीं कच्च्या मुलांपुरतें शाळेचें वर्ष या नियमानें कागदावर लांबलेंच आहे. प्रत्यक्षांत मात्र तें उन्हाच्या हवालीं केलें आहे. आणि नापासाच्या भीतीनें मूल वाचूं लागतें, या कल्पनेवर माझा विश्वास नाहीं. वाचतां न येणारा मुलगा तोच वर्ग दुसऱ्यांदा करूं लागला कीं तो वयानें थोर व मनानें चोर होतो, आणि आठवीच्या आंतच वेंचणीस कायमचा जातो.

वर्ष लांबविण्याच्या बाजूनें दोन मुद्दे आहेत, त्यांस मी मान देतों. एक जेवणाचा. ज्या घरीं उन्हाळ्यांत चूल एक वेळ पेटते तेथें शाळेची खिचडी हा मोठा आधार असतो. म्हणून तर दुष्काळी भागांत सुटींतहि दुपारचें जेवण द्यावें असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २००४ मध्यें दिला. दुसरा विसरण्याचा. ज्या घरांत छापील कागद म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरचीं अक्षरें तेवढींच, तेथें दोन महिन्यांत नुकतें जोडलेलें जोडाक्षर पुसून जातें. शहरांतल्या मुलास सुटींत पुस्तक, मामाचा गांव व छंदवर्ग मिळतो. याला बैलांमागें जावें लागतें. या दोहोंवर उपाय केल्यावांचून ‘सुटी आहे तशी राहूं द्या’ असें म्हणणें हा पोटभरल्या माणसाचा युक्तिवाद होईल.

म्हणून माझें मत असें कीं, सर्व मुलांसाठीं वर्ष लांबवूं नये. चालू वर्षाच्या पोटांतच रोज एक तास मोकळा करावा. कायदाहि याच बाजूचा आहे. त्याच्या २४ व्या कलमानें प्रत्येक मुलाची शिकण्याची शक्ति पाहून जरूर तें जादा शिकविणें हें शिक्षकाचें कर्तव्य ठरविलें आहे, आणि २८ व्या कलमानें खाजगी शिकवणीची त्यास बंदी केली आहे. म्हणजे हें काम फुकट व शाळेंतच व्हावयाचें. त्या तासांत तिसरी ते पांचवीचीं मुलें इयत्ता विसरून बसवावीं : अक्षरें न येणारीं एकीकडे, शब्द वाचणारीं दुसरीकडे, गोष्ट वाचणारीं तिसरीकडे. आमच्या खेड्यांतील दोन शिक्षकी शाळेंत चार-पांच वर्ग एकत्र बसतातच, तेव्हां ही रीत तेथें शहरापेक्षां सोपी पडते. मघाचीं तीं चोवीस मुलें राहिलीं होतीं. त्यांतील गोष्ट वाचणाऱ्या मुलांनीं गोष्टीचीं पुस्तकें वाचावीं, व त्यांतल्याच कोणीं दोघांतिघांनीं आळीपाळीनें शब्दवाल्यांस घेऊन बसावें. शिकविणारा मुलगाहि त्यांत पक्का होतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें या परस्पर-शिक्षणाची मुद्दाम शिफारस केली आहे.

मात्र शिक्षक वर्गांत असला पाहिजे. कायद्याच्या २७ व्या कलमानें जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका एवढीं सोडून दुसरीं कामें त्याच्या गळ्यांत घालण्यास मनाई आहे. तरी माहिती भरण्याचे नाना प्रकारचे तक्ते आज ‘तात्काळ’ म्हणून येतात आणि तो तास खातात, हें ज्यानें शाळा चालविली आहे त्यास ठाऊक आहे. नवीन वीस दिवसांची आज्ञा काढण्यापूर्वीं असलेल्या दोनशें दिवसांतून असे गेलेले तास कोणी मोजले, तर निम्मा वाद तेथेंच मिटेल असा माझा अंदाज आहे.

प्रत्यक्ष आंखणी फार अवघड नाहीं. शाळा उघडल्यावर जुलैच्या पहिल्या आठवड्यांत शिक्षकानें प्रत्येक मुलास जवळ बसवून पांच मिनिटें वाचावयास लावावें व दोन उदाहरणें घालावीं. तीस मुलांस अडीच तास लागतात. त्यावरून यादी होते, आणि रोजचा तास सुरू होतो. दिवाळीनंतर वेंचणीच्या दिवसांत शाळा भरतेवेळींच दहा दिवस अभ्यासक्रम थांबवून केवळ वाचनाचें शिबिर घ्यावें. मुलें कामावर जाण्याच्या नेमक्या त्या वेळीं शाळेंत कांहीं नवें चाललें आहे असें घरीं कळलें, तर आईबाप त्यांस पाठवितात. संक्रांतीनंतर तसेंच आणखी दहा दिवस. फेब्रुवारीअखेर तीच पांच मिनिटांची परीक्षा पुन्हां घ्यावी. तेव्हांहि जीं वाचत नसतील, व स्थलांतराहून जीं तोंवर परतलीं असतील, तेवढ्यांपुरतें मे महिन्यांत सकाळीं साडेसहा ते साडेआठ गांवांतच, शाळेच्या ओट्यावर किंवा समाजमंदिरांत, बारावी झालेल्या एखाद्या मुलीस मानधन देऊन वाचन चालवावें आणि उठतांना मुलांस खाऊं घालावें. यादींतलीं नांवें तोंवर फार उरलेलीं नसतात, आणि उरलेल्या मुलांस गुरुजी नांवानिशीं ओळखत असतात.